गोदावरीच्या आधी

उजव्या तळहाताचा खळगा करायचा आणि त्यात पाणी असल्यासारखा तो हात जपत आत यायचं, ही गुरुजींची आमच्या कॅज्युअल्टीत शिरायची पद्धत. छाती भात्यासारखी चालत असायची, मानेच्या शिरा ताठलेल्या, ओठ कोरडे. हात मात्र यजमानासमोर बसल्यासारखा स्थिर. मी खुर्ची पुढे केली की म्हणत, "ब्रदरबुवा... अजून... सोडलं नाही... पाणी."

ते पंचवटीत राहत आणि घाटावर श्राद्धं, शांती करत. मी दवाखान्यात नर्स आहे. आम्हा पुरुषांना सगळे ब्रदर म्हणतात. दम्याचा अॅटॅक तुम्ही जवळून पाहिला असेल, तर त्या माणसाच्या डोळ्यांतली भीती तुम्हाला ठाऊक असेल. आम्ही त्याला बोलतं करतो, पण उत्तराकडे लक्ष नसतं. श्वास कुठे तुटतो ते ऐकत असतो. अख्खं वाक्य आलं तर हातात थोडा वेळ आहे. एकेक शब्द सुटा पडू लागला तर नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "बाबा, काय काम करता?" गुरुजींनी सांगायच्या ऐवजी थेट संकल्पच सुरू केला. पूजेला बसलेल्या प्रत्येकानं तो ऐकलेला असतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून निघायचं आणि कल्प, युग, खंड, अरण्य असं करत आपण बसलोय त्या नदीच्या काठावर यायचं. गुरुजी एरवी हे सगळं एका दमात म्हणत. त्या दिवशी कलियुगातच अडकले. ऑक्सिजन, नेब्युलायझरची वाफ, स्टिरॉइडचं इंजेक्शन असं सगळं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता म्हणा परत." या वेळी दंडकारण्य पार करून ते नदीपाशी पोचले. "गोदावर्याः उत्तरे तीरे," म्हणाले आणि एकदम हात हलवू लागले. "चुकलं... उत्तर तीर... घरी. तुमचा दवाखाना... दक्षिणेला."

"गुरुजी, तीर राहू द्या हो, श्वास घ्या!" मॅडम ओरडल्या.

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. ते आले की मी विचारायचो, "गुरुजी, गोदावरी?" ते संकल्प सुरू करत आणि मी वाट बघायचो. नदी आली की माझाही जीव भांड्यात पडायचा. घरी जाताना ते संकल्पाचा शेवटचा शब्द "करिष्ये" म्हणत आणि तळहातातलं ते नसलेलं पाणी नेमकं माझ्या बुटांवर सोडत. मी खरंच पाय मागे घ्यायचो. मग ते हसत, हसता हसता खोकत, आणि मी पुन्हा घाबरायचो.

होमाचा धूर त्यांचा वैरी. मॅडम दर वेळी रागवायच्या. "धूर सोडा म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मी सोडतो हो बाळ, तो मला सोडत नाही."

एके दिवशी दुपारी घोटीकडून अपघाताचे जखमी आले होते. सगळ्या खाटा भरलेल्या, मॅडम एका पोराचं रक्त थांबवण्यात गुंतलेल्या. एवढ्यात दारात गुरुजी. त्यांचा मुलगा स्कूटर लावायला मागे राहिलेला. हात तसाच, खळगा केलेला. मी लांबूनच विचारलं, "गुरुजी, गोदावरी?"

"गोदावर्याः दक्षिणे तीरे," ते म्हणाले. न अडखळता. तीरही बरोबर. वर म्हणाले, "लवकर... सोडा. वणीचे यजमान... उपाशी बसलेत घाटावर."

त्यांच्या श्वासाची नेहमीची शिट्टीही ऐकू येत नव्हती. मला बरंच वाटलं. म्हटलं, आज हलकं आहे. त्यांना भिंतीकडच्या बाकावर बसवलं, "आलोच," म्हणालो आणि जखमींकडे वळलो.

शिट्टी वाजायलाही थोडी हवा लागते. हे मी नव्या नर्सना शिकवतो. दम्याची छाती गप्प झाली की पळा, असं माझंच वाक्य आहे.

मुलगा आत आला आणि त्यानं हाक मारली. "ब्रदर, बाबा डुलक्या घेतायत बघा." त्या डुलक्या नव्हत्या. ओठ निळे पडले होते. मॅडम धावत आल्या, छातीला स्टेथो लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "आवाजच नाहीये. घ्या आत!" ऑक्सिजन, वाफ, शिरेतून मॅग्नेशियम, शेवटी घशात नळी. माझे हात सगळं बरोबर करत होते.

बाहेर मुलानं मला विचारलं. तोही घाटावरच काम करतो. "आले तेव्हा बोलत होते ना?"

"हो. गोदावर्याः दक्षिणे तीरे, म्हणाले."

"आणि त्याआधी?"

मी आठवून पाहिलं. त्याआधी काहीच नव्हतं.

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "गर्दीच्या दिवसांत करतो आम्ही असं. आधीचं गाळायचं आणि थेट नदीवर यायचं. यजमानाला कळत नाही."

मलाही कळलं नाही. गुरुजी संकल्प म्हणायचे तेव्हा इतकी वर्षं माझे कान फक्त नदीची वाट बघत बसायचे.

मी आत गेलो. यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होतं. उजवा हात चादरीवर उघडा पडला होता, सपाट. मी त्यांची बोटं जुळवून तळहाताचा खळगा केला. हात सोडला की तो पुन्हा उघडायचा. मी पुन्हा जुळवायचो. मॅडम हळूच म्हणाल्या, "राहू द्या, ब्रदर."

संध्याकाळी गुरुजी गेले. वणीच्या माणसांचं श्राद्ध दुसऱ्या कुणी केलं असेल.

महिनाभरानं मी त्यांच्या मुलाकडे गेलो आणि सगळा संकल्प शिकून घेतला. गोदावरीच्या आधी काय काय येतं, ते आता मला पाठ आहे. कॅज्युअल्टीच्या दारात कुणी धापा टाकत आलं की माझे कान त्याच्या पहिल्याच शब्दापासून लागलेले असतात, आणि नजर आधी त्याच्या उजव्या हाताकडे जाते.