ड्रायव्हरला गाडी लागत नाही

आमच्या हिच्या मामांना न विचारता सांगली जिल्ह्याबाहेर पाऊल टाकणारा माणूस एक तर उन्हाच्या बाजूला बसतो, नाहीतर उपाशी राहतो, आणि या दोन्हींतून वाचलाच तर चुकीच्या फाट्यावर उतरतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. लग्न झालं तेव्हा हे मत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस फार बोलतो. मामा पलूसकडचे. तरुणपणी मिल्ट्रीत ट्रक चालवायला गेले, डोंगराडोंगरांतून वीस-बावीस वर्षं गाडी हाकली आणि पेन्शन घेऊन उसाच्या रानात परत आले. येताना इतर जवान ट्रंक भरून सामान आणतात, मामांनी डोकं भरून माहिती आणली. ती माहिती ते तेव्हापासून वाटतायत आणि ती संपायचं नाव घेत नाही.

लग्नानंतर पहिल्यांदाच मी साताऱ्याला कामासाठी निघालो, तर सकाळी सातला मामांचा फोन. ‘जावईबापू, यस्टीत डावीकडं बसा. जाताना बी डावीकडं आन् येताना बी डावीकडंच.’ म्हटलं, मामा, जाताना डावीकडे ऊन नसेल, तर येताना असणारच की. आपलं शिक्षण आपण कुठेतरी दाखवायला नको का! मामा म्हणाले, ‘बरं, बसा मग तुमच्या मनानं.’ मी मुद्दाम दोन्ही वेळा उजवीकडे बसलो. जाताना सकाळचं ऊन पूर्वेचं, येताना गाडीचं तोंड फिरलेलं, पण तोवर सूर्यही फिरलेला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझा एकच गाल भाजून वांग्यासारखा झाला होता. हिने दार उघडलं, गालाकडे बघितलं आणि आत जाऊन मामांना फोन लावला. ते दोघं किती वेळ हसत होते ते मी सांगणार नाही.

हॉटेलाच्या बाबतीत त्यांचा नियम वेगळाच. जगातली माणसं हॉटेलात गर्दी किती, टेबल पुसलंय का, हे बघतात. मामा गल्ल्यावरच्या मालकाशी गोड बोलून त्याला विचारतात, ‘मालक, जेवला का?’ मालक म्हणाला की हो, हितंच जेवलो, तर मामा बसतात. मालकाचा डबा घरून येतो असं कळलं, की मामा पाणीसुद्धा न पिता उठतात. एकदा विट्याजवळ त्यांनी आम्हा सात जणांना भरल्या ताटांवरून उठवलं होतं. मी भुकेने इतका चिडलो होतो की पुढचा तासभर त्यांच्याशी बोललो नाही. वाटेत दुसऱ्या हॉटेलात मटकीची उसळ आणि गरम भाकरी मिळाली तेव्हा राग गेला, पण कबूल कोण करतंय!

त्यांच्या पिशवीत सुतळीचा गुंडा, चार सेफ्टी पिना, जुना पेपर आणि एक रिकामी पिशवी एवढं असतंच. ‘सुतळी न्हाई म्हंजी माणूस अर्धाच घराभायेर पडलाय’ हे त्यांचं बोधवाक्य. मोबाईलचा आवाज कमी येत असेल तर तो तांब्यात उभा ठेवावा, ओल्या बुटात पेपरचे बोळे कोंबावेत, मागच्या चाकावरच्या सीटवर पोट भरून कधीच बसू नये, अनोळखी गावात पत्ता विचारायचा तर इस्त्रीवाल्याला विचारावा कारण त्याला घरं नव्हे तर माणसं माहीत असतात, असं त्यांचं अखंड चालू. रस्त्यांची परीक्षा घ्यायची त्यांची रीत तर कुठल्याही इंजिनिअरला सुचली नसती. त्यांची धाकटी बहीण आटपाडीला दिलेली. तिच्याकडे जाताना मामा पलूसमध्ये कोमट दुधाला विरजण लावून किटली मांडीवर घेऊन बसतात. पोचेपर्यंत छान दही लागलं तर रस्ता चांगला. एका उन्हाळ्यात किटली उघडली तर आत पातळ ताक. बहिणीने कपाळावर हात मारला. मामा शांतपणे म्हणाले, ‘मधला रस्ता लय वंगाळ झालाय. दह्यानं सांगितलं बघ.’ आणि ते ताक त्यांनी मीठ टाकून सगळ्यांना पाजलं.

तर अशा या माणसाला मी वर्षानुवर्षं तोंडावर ‘हो मामा’ आणि पाठीमागे ‘काय पण मामा’ म्हणत आलो. ते बदललं माझ्या आईमुळे.

आईला गाडी लागते. म्हणजे लोकांना लागते तशी नव्हे. स्टँडवर गाडी नुसती सुरू झाली की आईच्या तोंडाला पाणी सुटतं. सांगलीतल्या सांगलीत ती रिक्षानेसुद्धा डोळे मिटून, लिंबू हुंगत जाते. तिची थोरली बहीण, आमची मावशी, कोयनानगरला. काका धरणावर नोकरीला होते, त्यांच्यामागे ती मुलासुनेजवळ तिथेच राहिली. भाचीच्या लग्नाला आई एकदा तिकडे गेली होती. पाटणच्या पुढे वळणं सुरू झाली आणि बस तीनदा थांबवावी लागली. लग्नघरी आईला दोघींनी धरून उतरवलं, अक्षता पडल्या तेव्हा ती आतल्या खोलीत पडून होती. परत आल्यावर तिने हात जोडले आणि म्हणाली, मेले तरी त्या रस्त्याला जाणार नाही. त्याला चौदा वर्षं झाली. मावशीचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नव्हती. दोघी बहिणी फोनवर रोज भांडायच्या आणि रोज फोन करायच्या.

या पावसाळ्यात मावशी पडली आणि अंथरुणालाच खिळली. जेवण तुटलं. मावसभाऊ म्हणाला, डॉक्टर आता फार काही बोलत नाहीत. मी आईला व्हिडिओ कॉल लावून दिला. मावशीला दिसत नव्हतं धड. ती म्हणाली, ‘अगं, तुझं नुसतं नाक दिसतंय. नाक घेऊन काय करू मी?’ आई हसली, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. ‘अक्का जाईल रे, आणि मी तिला बघायची राहीन.’ मी म्हटलं, गोळी घे आणि चल. तर म्हणाली, ‘गेल्या वेळी घेतली होती की. सगळ्यात आधी तीच बाहेर पडली.’

हिने मामांना फोन केला. मामा दुसऱ्याच दिवशी हजर. पाणी प्यायले, खुर्चीत टेकले आणि मला विचारलं, ‘जावईबापू, डायवरला कवा वकताना बघितलाय?’ मी विचार केला. ओकणारा ड्रायव्हर खरंच नव्हता बघितला. ‘न्हाईच बघायचा तुमी. आवं, ट्रकच्या मागं बसल्याली पैलवान पोरं लिंबागत पिवळी व्हायची. मला कायसुदिक व्हायचं न्हाई. आन् एकदा हात मोडला म्हणून मलाच शेजारी बसवून दुसऱ्यानं गाडी हाणली, तर पयल्या वळणाला माजंच आतडं भायेर. तवा कळलं. हात चाकावर असला की पोटाला वळण आधी कळतंय.’ एवढं बोलून ते आईकडे वळले. ‘विहीणबाई, घरात पिठाची चाळण हाय का?’

पुढचे तीन दिवस आमच्या घरात जे झालं ते शेजाऱ्यांना अजून माहीत नाही. आई खुर्चीत बसलेली, हातात पत्र्याची गोल चाळण धरलेली. शेजारी स्टुलावर ड्रायव्हर म्हणून मी, स्टिअरिंगऐवजी हातात ताट. मागे मामा उभे राहून ओरडतायत, ‘उजवं वळण! फिरवा! आन् नजर लांब, चाळणीत काय बघताय? पुढं म्हस आली, हारन!’ आई लाजेने लाल. ‘अहो मामा, माझं वय काय, हे काय करायला लावताय? लोक बघतील गाडीत.’ मामा म्हणाले, ‘विहीणबाई, लोकांस्नी हसू द्या. तुमास्नी बहीण बघायची हाय का लोकं?’ आईने पदर खोचला आणि चाळण घट्ट धरली.

श्रावणातल्या एका सकाळी निघालो. गाडी मी चालवत होतो, शेजारी आई, मागे ही आणि मामा. आईला कोरडी भाकरी आणि चिमूटभर फुटाणे एवढंच खायला दिलेलं, कारण रिकामं पोट भरल्या पोटापेक्षा जास्त ढवळतं, असं मामांचं म्हणणं. कराडपर्यंत रस्ता सरळ, तरी आई चाळण धरून ताठ बसलेली. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाई बघतच राहिल्या. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि चाळणीच्या कडेत राहिलेलं पीठ आईच्या तोंडावर उडालं. आणायच्या आधी चाळण धुवायची कुणी होती, हिने की आईने, यावर मागेपुढे दहा मिनिटं वाद झाला, आणि त्या वादात पाटण आलं कधी ते कळलं नाही.

मग वळणं सुरू झाली. मामा मागून हाका घालतायत, ‘डावं... आता उजवं... शाब्बास!’ आई चाळण फिरवतेय. पाच-सहा वळणं बरी गेली. सातव्याला मी बघितलं, चाळण थांबली होती. आईच्या ओठांचा रंग गेलेला. तिने डोळे मिटले. म्हणाली, ‘थांबव. परत फिर. नाही जमायचं मला.’ मी गाडी कडेला घेतली. इथून परत फिरलो असतो तर ती पुन्हा कधी निघाली नसती, हे मला कळत होतं आणि तिलाही. समोर धुकं उतरलं होतं. मामा पुढे वाकले. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘विहीणबाई, डोळं उघडा. जावयाला धुक्यात दिसंना झालंय. चष्मा धुरकाटलाय त्यांचा. माजीबी नजर लांबची गेली. आता वळण कुठलं ते तुमी सांगायचं, तसं ते गाडी घेत्याल. चौघांचा जीव तुमच्या हातात हाय.’

आता, माझा चष्मा स्वच्छ होता. पण आईने डोळे उघडले. काचेकडे सरकली. आणि बारीक आवाजात म्हणाली, ‘घे... डावीकडे घे. हळू.’ मी घेतली. ‘आता उजवीकडे. कडेला दगड आहे, सांभाळ.’ आवाज वाढत गेला. ‘समोरून एसटी येतीय, दिसत नाही का तुला? थांब! जाऊ दे तिला. हं, आता चल.’ दोन वळणांनंतर ती मला चक्क दरडावू लागली, ‘ब्रेक मार की रे मेल्या!’ आणि खरं सांगतो, पुढे धुकं इतकं दाटलं की मला चष्म्यातूनही काही दिसेना, तेव्हा मी खरोखर आईच्या शब्दावर गाडी नेली. आरशात बघितलं तर मागे मामा दोन्ही हात मांडीवर ठेवून, पहिल्यांदाच गाडीत बसलेल्या माणसासारखे गप्प बसले होते.

मावशीच्या दारात आई आपली आपण उतरली. चाळण सीटवर ठेवली, केस सारखे केले आणि सरळ आत गेली. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई तिच्या उशाशी बसली आणि म्हणाली, ‘अक्का, मी आलेय.’ मावशीने हात वर करून तिचा चेहरा चाचपला. गालाला अजून पीठ होतं. ‘तू? अगं, तुला गाडी लागते ना? आलीस कशी?’ आई म्हणाली, ‘लागत नाही आता. मीच चालवत आणली.’

मावशी आधी हसली. ‘थापाडी कुठली,’ म्हणाली. मग तिने आईचा हात गालाशी ओढून घेतला आणि दोघी रडायला लागल्या. मी बाहेर आलो. मामा ओट्यावर बसून मावसभावाला सांगत होते की या पावसात काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवावी, सर्दत नाही. मी त्यांच्या पाया पडलो. ते दचकले. ‘आवं, काय झालं जावईबापू? गाडी लागली का काय तुमास्नी?’

त्यानंतर आई चार वेळा कोयनानगरला गेली. चाळण घेऊनच गेली. एकदा आठ दिवस राहिली, मावशीला भरवलं, न्हाऊ घातलं, मनसोक्त भांडली. थंडी पडता पडता मावशी गेली. आई जवळ होती.

तेराव्याला आम्ही सगळे गेलो, मामाही आले. पंगत उठल्यावर शेजारच्या घरातली एक बाई आईजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘मावशी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायच्या, माझी धाकटी बहीण या वयात घाटातनं, धुक्यातनं गाडी चालवत आली माझ्यासाठी. त्या तुम्हीच का?’ आई खाली मान घालून पदराचं टोक गुंडाळत राहिली. तेव्हा भिंतीला टेकून बसलेले मामा पुढे झाले.

‘व्हय, ह्याच त्या,’ ते म्हणाले. ‘मी मागं बसलो हुतो. लय सांभाळून आणली.’