मानाच्या जागेवरचा राउटर

आमच्या हॉस्टेलच्या चौथ्या मजल्यावर काहीही बिघडलं की लोक आधी तोकेंना बोलवायचे आणि तोके दुरुस्त करून गेले की मग दुरुस्तीवाल्याला बोलवायचे. त्यांचं खरं नाव तोलेगेन. पण वयानं मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं आमच्या कारागांदात, या कोळशाच्या शहरात, कुणाच्या जिभेला जमत नाही, म्हणून मानाचं रूप तोके. कोळशाच्या खाणीत बारा वर्षं वायरमनकी केली, मग वरच्या जागेसाठी पदवी लागते असं साहेबांनी सांगितलं म्हणून बत्तिसाव्या वर्षी बायको आणि दोन मुलींना गावी ठेवून कॉलेजात येऊन बसले. इतरांच्या खिशाला पेन असतं तिथे त्यांच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर. मागच्या वर्षी एका पोराचं अपेंडिक्स फुगलं तेव्हा तोकेंनी त्याला पाठुंगळीला घेऊन चार मजले उतरवलं. लिफ्ट बंद होती. ती आदल्याच आठवड्यात तोकेंनी दुरुस्त केली होती.

अशा माणसावर रागावता येत नाही, हीच खरी पंचाईत. बेक्झातची तर त्या गुरुवारी फारच.

बेक्झात माझा खोलीतला सोबती. वीस वर्षांचा, शांत, खाणीतला विषारी वायू कसा मोजायचा याचा अभ्यास करणारा. पोलंडातल्या एका विद्यापीठात वर्षभर शिकायला जायची संधी त्याच्या दारात उभी होती आणि त्यासाठीची मुलाखत त्या गुरुवारी दुपारी तीन वाजता, लॅपटॉपवर. ती चुकली तर पुन्हा अर्ज करायला एक वर्ष थांबायचं होतं आणि पुढच्या वर्षी तो त्या अर्जाच्या वयात बसत नव्हता.

आता नेटचं सांगतो. आमच्या हॉस्टेलात प्रत्येक खोलीला भिंतीतून एकच वायर येते. बेक्झातच्या लॅपटॉपचं वायर लावायचं भोक मोडलेलं. मोबाइलला रेंज फक्त जिन्याच्या खिडकीत आणि फेब्रुवारीत त्या खिडकीत उणे पंचवीस, वर सिगारेट ओढणाऱ्यांचा अड्डा. लायब्ररीत जावं, तर महिन्याचा शेवटचा गुरुवार म्हणजे लायब्ररी साफसफाईसाठी बंद. म्हणून त्यानं घरून राउटर मागवला होता. बसच्या ड्रायव्हरच्या हातून, आईनं घोड्याच्या मांसाच्या सॉसेजच्या पुडक्यात मधोमध ठेवून पाठवलेला. राउटरला लसणाचा वास येत होता, पण दिवे लागत होते.

काम तसं अर्ध्या तासाचं. राउटरच्या पाठीला पाच भोकं. एक निळं, चार पिवळी. भिंतीतली वायर निळ्यात घालायची. दुसरी गोष्ट, हॉस्टेलचं नेट फक्त नोंद असलेल्या यंत्रालाच ओळखतं. प्रत्येक लॅपटॉपला जन्मजात एक नंबर असतो. तो नंबर राउटरच्या सेटिंगमध्ये टाकायचा, म्हणजे राउटर लॅपटॉपच्या ओळखपत्रावर आत शिरतो. हे नेटच्या कार्यालयातल्या वादिमनंच बेक्झातला सांगितलं होतं. बेक्झातनं ते वहीत लिहून, खाली रेघ मारून ठेवलं होतं.

बारा वाजता त्यानं वायर निळ्या भोकात घातली, नंबर टाकायला घेतला आणि तेवढ्यात तोके दारात उभे राहिले. चहाचा वास आला म्हणे.

वडील माणूस दारात आला की त्याला मानाच्या जागी बसवायचं आणि मानाची जागा म्हणजे दारापासून सगळ्यात लांब. आमच्या खोलीत दारापासून सगळ्यात लांब होतं बेक्झातचं टेबल, त्यावरचा राउटर आणि मागच्या भिंतीतली वायर. म्हणजे रीतीप्रमाणे तोके जाऊन बसले ते थेट राउटरच्या मांडीला मांडी लावून. इथेच आमचा दिवस संपला, पण ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

मी चहा ओतला. तोकेंनी राउटर उलटा करून पाहिला, हुंगला, सॉसेज चांगलं होतं का विचारलं आणि मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. स्क्रू नव्हताच कुठे, तरी काढला.

"ही वायर इथे कुणी लावली?"

बेक्झातनं खाली मान घालून सांगितलं, की मी.

"बाळा, बारा वर्षं मी वायरींत काढली. हे बघ. चार पिवळी एका रांगेत, भावंडांसारखी. निळं एकटं बाजूला. एकटं असतं ते कशासाठी असतं? अडचणीच्या वेळेसाठी. आत्ता काय अडचण आहे?"

अडचण समोरच बसली होती. पण हे तोंडानं कोण म्हणणार? बेक्झातनं फार तर इतकंच केलं, की वही उघडून त्यांच्या पुढ्यात सरकवली. तोकेंनी तिच्यावर चहाची वाडगी ठेवली आणि वायर उपटून पिवळ्यात घातली.

लगेच लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या. तोके खूश. नेट मात्र नाही. तोके म्हणाले, ते येईल, नव्या सुनेला घर समजायला वेळ लागतो. आणि त्यांनी तिसरी वाडगी पुढे केली.

घोटाळा असा, की राउटरच्या पिवळ्या भोकापलीकडे जो कुणी असेल त्याला राउटर नेटवरचा पत्ता वाटतो. तो त्याचा धर्मच. हॉस्टेलची वायर पिवळ्यात गेली आणि आमचा तळहाताएवढा, लसणाच्या वासाचा राउटर अख्ख्या मजल्याला पत्ते वाटत सुटला. मजला विश्वासानं पत्ते घेत होता, त्या पत्त्यावर जात होता आणि आमच्या खोलीत येऊन भिंतीवर आपटत होता.

पहिलं दार सव्वा वाजता उघडलं. मग दुसरं. दीड वाजेपर्यंत सगळा मजला कॉरिडॉरमध्ये चपला घालून उभा. कुणाचा पिक्चर अडकला होता, कुणाची बायको स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून थांबली होती. हॉस्टेलच्या व्यवस्थापक रोझा अपाय, म्हणजे आमच्या भाषेत रोझाताई, जिना चढून वर आल्या. त्या धापा टाकत होत्या, त्यामुळे लिफ्टचा विषय निघणार म्हणून तोके जरा खिडकीबाहेर बघायला लागले. अपाय म्हणाल्या, वादिमचा फोन आला होता, चौथ्या मजल्यावर कुणीतरी नेट नासवतंय, शोधा.

हे ऐकल्यावर तोकेंना स्फुरण चढलं. चोर आपण शोधू, म्हणाले. बेक्झातनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता हे उठतील, दारोदार जातील आणि आपल्याला दोन मिनिटं मिळतील. पण दारोदार जाणं हे धाकट्याचं काम असतं. तोके बसल्या जागेवरून म्हणाले, "बेक्झात, तू सगळ्यात लहान. जा, प्रत्येक खोलीत बघ, कुणी नवीन काही लावलंय का. सापडला की मला सांग, बोटं मोडतो एकेक."

बेक्झात गेला. बावीस खोल्यांत जाऊन, ज्या माणसाला तो स्वतः ओळखत होता त्याला शोधून आला. प्रत्येक खोलीत त्याला कुणी ना कुणी विचारलं, की तुझी मुलाखत आहे ना रे आज? परत आला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला गेली दोन वर्षं ओळखतो, पण असे कान पाहिले नव्हते.

तोके म्हणाले, सापडला का?

बेक्झातनं माझ्या हातातली किटली घेतली आणि तोकेंच्या वाडगीत चहा ओतायला लागला.

आमच्याकडे पाहुण्याला चहा देतात तो तळाला दोन घोट. पुन्हा पुन्हा मागावा, पुन्हा पुन्हा द्यावा, बसणं लांबावं, हा त्यातला मान. काठोकाठ भरलेली वाडगी म्हणजे एवढं प्या आणि निघा. अशी वाडगी मी आयुष्यात एकदाच पाहिलीय, तीही माझ्या मामानं आपल्या व्याह्याला दिलेली, आणि त्यानंतर तीन वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. बेक्झातनं वाडगी काठाला आणली. चहा काठावर फुगून थरथरत राहिला.

तोके त्या वाडगीकडे बघत राहिले.

"तोके," बेक्झात म्हणाला, आवाज असा की ओठ हलले म्हणून कळावं, "चोर आपल्याच खोलीत आहे. वायर निळ्यात लागते. माझ्याकडे पन्नास मिनिटं आहेत."

तोके उठले. वाडगीला हात लावला नाही. माझ्या अंगाला अंग घासून, मान खाली घालून बाहेर गेले. एवढा मोठा माणूस दारातून जाताना इतका लहान दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

बेक्झातनं वायर निळ्यात घातली. नंबर टाकला. कॉरिडॉरमधून आनंदाच्या हाका आल्या, सगळ्यांचं नेट सुरू झालं. फक्त आमचं नाही. पुन्हा केलं. राउटर बंद करून चालू केला. नंबर तीनदा तपासला. मग माझ्या लक्षात आलं, की वादिमनं नेट नासवणारी वायर शोधून काढली असणार आणि आमच्या खोलीची लाइनच तोडली असणार. भीक नको पण कुत्रा आवर म्हणून कुत्रा आवरला, तर भीकही गेली.

मी खाली अपायच्या ऑफिसात धावलो. तिथे तोके आधीच टेबलाशी उभे होते आणि फोन त्यांच्या हातात होता. पलीकडून वादिम सांगत होता, की लेखी खुलासा आल्याशिवाय लाइन जोडणार नाही, उद्या बघू. तोके म्हणाले, खुलासा आत्ता देतो. अपायकडून कागद घेतला आणि उभ्याउभ्या लिहिलं, की मी, तोलेगेन, चौथ्या मजल्यावर राहणारा, खोली ४१७ मधील वायर माझ्या अज्ञानाने पिवळ्या भोकात घातली, खोलीतील मुलांनी मला अडवले होते, मी ऐकले नाही.

अपाय हळूच म्हणाल्या, "तोलेगेन, लिफ्टचा एक खुलासा तुझ्या फायलीत आहेच. दुसरा लागला तर मला वर कळवावं लागेल."

"कळवा अपाय. पण आधी याचा फोटो काढून त्या वादिमला पाठवा."

'मुलांनी अडवले होते' हे धडधडीत खोटं होतं. अडवायची आमची छाती झाली नव्हती. पण मी तो कागद फोटोसाठी सरळ धरला.

तीनला तीन मिनिटं असताना लाइन आली. बेक्झात कोट घालून बसला, खाली पायजमाच. चित्र उमटलं, तीन प्राध्यापक दिसले आणि लगेच गोठले. पुन्हा हलले, पुन्हा गोठले. दोन तास उपाशी राहिलेला मजला आता नेटवर तुटून पडला होता.

आणि मग कॉरिडॉरमधून तोकेंचा आवाज आला. दार वाजवायचं, पुढचं दार वाजवायचं, आणि प्रत्येक ठिकाणी एकच: बंद कर ते, तासभर बंद, पोराची मुलाखत आहे. बावीस खोल्या. या वेळी धाकट्याला पाठवलं नव्हतं. चित्र हळूहळू वाहायला लागलं.

मधल्या प्राध्यापक बाईंनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, बाहेर कोण ओरडतंय, काही गडबड आहे का.

बेक्झातनं या प्रश्नाचं उत्तर तयार केलेलं नव्हतं. वायूबद्दलची चाळीस उत्तरं मात्र पाठ होती.

"आमच्या मजल्यावरचे वडीलधारे आहेत," तो म्हणाला. "बारा वर्षं खाणीत, त्याच वायूत होते. त्यांच्याबद्दल सांगितलं तर चालेल का? मी वायू मोजायला का शिकतोय ते त्यातच येईल."

बाई म्हणाल्या, सांग.