डोकं की पाय

आमच्या टॉकीजचा ऑपरेटर 'पब्लिक' हा शब्द थुंकल्यासारखा उच्चारायचा. नवा रुंद पडदा लागल्यापासून जुने, चौकोनी चित्राचे सिनेमेही तो पडदाभर मोठे करून दाखवायचा. मग चित्राचा वरचा-खालचा भाग पडद्याबाहेर जायचा. बोलणाऱ्याचं कपाळ कापलेलं, नाचणारीचे पाय गायब.

माझी मावशी कन्हानहून खास तिच्या लहानपणचा नाचाचा सिनेमा पाहायला आली आणि तिला एकही पाऊल दिसलं नाही. मी तणतणत केबिनमध्ये चढलो.

"चित्र काहून कापता, भाऊ?"

त्यानं मशीनची चावी फिरवून चित्र वर सरकवलं. "घे गा, पाय आले. आता डोकं गेलं. सांग, काय पाह्यजे? बाजूनं काळं दिसलं का पब्लिक खुर्च्या फाडते."

मी पब्लिकलाच शिव्या देत खाली उतरलो.

सकाळी मावशीला बसमध्ये बसवून तिची विसरलेली छत्री आणायला टॉकीजमध्ये गेलो. रिकाम्या हॉलमध्ये तोच नाच चालू होता. पडदा दोन्ही बाजूंनी काळा आणि मधोमध ती नाचणारी, गजऱ्यापासून घुंगरांपर्यंत अख्खी. बाल्कनीत तो एकटाच चहा पीत बसला होता.

"हे कसं जमलं?"

"जुनी लेन्स हाय ना. लावाले कितीसा वेळ लागते?"

"मग काल का नाही लावली?"

"पब्लिकले काय समजते गा?" पडद्यावरची नजरही त्यानं हलवली नाही.

मावशीच्या खुर्चीखाली पडलेली छत्री मी उचलली. मावशीची बस तोवर कामठीच्या पुढे गेली असेल.