शिवकांताच्या डाव्या हातावरची माती

उदगीरला आमच्या घरासमोर शिवकांताचं दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, दावी, मुसक्या, सुतळी. नवरा चंद्रप्पा गेल्यावर अठरा वर्षं तिनं एकटीनं ते चालवलं. दोर मोजायला गज ठेवला नाही, आपल्या हातानंच मोजायची, कोपरापासून बोटापर्यंत. देवणीकडचे गुराखी म्हणायचे, "बाईचा हात खोटा न्हाई." आमचे मालक एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळं अकरा वर्षं आम्ही तिच्या समोर राहिलो. नंतर नांदेडला आलो. पण सकाळी तिचा फोन आला नाही तर मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही.

तिची एक सवय मला आधी विचित्र वाटायची. डाव्या हातानं ती काही उचलायची नाही. पिशवी उजव्या हातात, झाडू उजव्या हातात, लेकरू झोंबलं तर त्यालाही उजव्या हातानं धरायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "तो हात देवाचा हाय."

मी हिमायतनगरकडची, मराठ्याच्या घरची. आमचा देव देव्हाऱ्यात असतो. भेटायचं असलं तर आपण जायचं. शिवकांता लिंगायत, तिचा देव गळ्यात. लहानपणी गुरूनं दिलेलं इष्टलिंग, जांभळाएवढं, काळं, गुळगुळीत, चांदीच्या डबीत घालून शिवदोऱ्यानं छातीवर बांधलेलं. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि टक लावून बघत बसायचं. त्याच्याआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. माणूस गेलं की त्यांच्यात बसवून पुरतात, आणि तेच इष्टलिंग त्याच तळहातावर ठेवतात. जन्मभर ज्याच्याकडं बघितलं, तेच मातीत सोबतीला.

तिच्याच गल्लीत उमाबाई राहायची. दोघी लहानपणच्या मैत्रिणी. दोघींना एकाच मठात, एकाच दिवशी, एकाच स्वामीनं इष्टलिंग दिलेलं. डब्यासुद्धा एकाच सोनाराच्या.

गेल्या वर्षी माझा भागवत आणि तिचा मल्लेश या दोघा मित्रांनी ठरवलं, आयांना सिंगापूर दाखवायचं. पासपोर्टावरचा फोटो बघून मलाच माझी कीव आली. शिवकांताच्या काळजात लातूरच्या डॉक्टरनं दोन स्प्रिंगा बसवलेल्या, गोळ्या सकाळ-संध्याकाळ, त्याही पोटात काहीतरी घालून. मी म्हणलं, "कशाला जीव धोक्यात घालतीस?" तर म्हणाली, "इथं बसून काय तो लोखंडाचा होणार हाय?"

हॉटेलात एकोणिसावा मजला. खिडकी उघडतच नव्हती. एवढ्या वर आणून ठेवलं आणि वाराच देईनात. पण गाव चकाचक. दोन दिवस आम्ही झाडं बघितली, मासे बघितले, चालणारे जिने बघितले. मातीच तेवढी कुठं दिसली नाही, सगळीकडं फरशी नाहीतर हिरवळ.

उमाबाईही तेव्हा तिथंच होती, लेकीच्या, मंजुश्रीच्या बाळंतपणाला. तीन महिने झाले होते. आमच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं परतीचं विमान, वाटेत बदलून हैदराबादला मध्यरात्रीनंतर पोचणारं. सकाळी सातलाच मंजुश्रीनं तिला बॅगेसकट आमच्या खोलीवर सोडलं.

"अय्यो शिवकांते, किती वाळलीस गं! पार कासरा झालीस."

"आन तू दावणीची म्हैस."

"लेकीला केलेले डिंकाचे लाडू. ती न्हाई म्हणली, टाकून देऊ का?"

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग उमाबाई म्हणाली, "पूजा तुमच्यातच करते. तीन महिने एकटीनं केली, आज सोबत पाहिजे." दोघी खिडकीपाशी बसल्या. दोघींच्या तळहातांवर दोन काळे थेंब. उमाबाईनं पिशवीतून पुडा काढला, चार उदबत्त्या एकदम पेटवल्या. वास असा दरवळला, मला उदगीरच आठवलं.

आणि छत ओरडायला लागलं.

धुराचा भोंगा होता तो, नंतर कळलं. आमच्या डेपोचाही भोंगा मी ऐकलाय, पण हा कानात नाही, दातांत वाजत होता. दार बडवायचा आवाज, वरून कोणीतरी इंग्रजीत सांगतंय. इष्टलिंग जमिनीवर ठेवायचं नसतं, डबीत घालायला वेळ नव्हता. मीच चहाची बशी पुढं केली. "हिच्यात ठेवा आन चला!" लिफ्ट बंद. आम्ही तिघी जिन्यानं उतरायला लागलो, पुढं मी, हातात बशी. चार मजले खाली गेलो तेव्हा भोंगा थांबला. तिथं जिन्यातच, त्या पांढऱ्या उजेडात, दोघींनी बशीतून एकेक उचललं आणि डबीत घातलं. उमाबाईला हसू आवरेना. "चार उदबत्त्या लावल्या तर सगळं हॉटेल पळालं!" दुपारी ती विमानाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकांता पूजेला बसली. मी पलंगावर वेणी घालत होते. नऊ वाजत आले तरी ती हलली नाही.

"केवळा," ती मला म्हणाली, "हे माझं न्हवं."

"कशावरून?"

"माझं मला बघतं. हे न्हाई बघत. हे दाराकडं बघतंय."

मी दाराकडं बघितलं. बंद दार. तरी उगाच जाऊन कडी लावली.

उमाबाईला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. हैदराबादहून गाडीत असेल, झोपली असेल. शिवकांतानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. "माझं माझ्या हातात आल्याबिगर मी खाणार न्हाई." आणि ती बोललेलं मोडत नाही हे उदगीरच्या गुरांनासुद्धा ठाऊक आहे.

दुपारी मल्लेशला फोन आला. उमाबाई गेली. बिदर सोडल्यावर गाडीतच, काचेला डोकं टेकून. झोपली म्हणून कोणी उठवलंच नाही, उदगीर आल्यावर कळलं. बिदर कधी सोडलं, मी विचारलं. साडेसहाला म्हणे. इकडं तेव्हा नऊ वाजलेले असतात. ज्या उमाबाईनं आयुष्यात डोकेदुखीची गोळी घेतली नाही, ती गेली. आणि स्प्रिंगांवर चालणारी माझ्यासमोर ताठ बसलेली.

शिवकांता रडली नाही. मल्लेश बाहेर गेल्यावर माझा पदर धरला. "चार वाजता माती हाय. माझं इष्टलिंग तिच्या हातावर ठेवतील. तिला परक्याचं घेऊन बसावं लागंल गं, आन मी जितेपणी मातीत जाईन. मल्लेश ऐकायचा न्हाई, नवं घे म्हणंल. माझ्याच्यानं बोलवणार न्हाई. तू लाव फोन गुरुबसप्पाला. गळ्यातली डबी ठेवून घे म्हण."

गुरुबसप्पा म्हणजे उमाबाईचा मुलगा. मी भागवतचा फोन घेऊन बाहेरच्या लांब बोळात गेले. तिथं गालिचा एवढा जाड, की माझी मलाच चाल ऐकू येत नव्हती.

"मावशी, आई गेली," गुरुबसप्पा म्हणाला. मागं बायांचा आक्रोश. "तुम्ही काल भेटला तिला. आई हसली का हो? बरी होती का?"

काय सांगू? तुझ्या आईच्या गळ्यात दुसरीचं आहे, ते काढून ठेव? आईला आंघोळ घालत असलेल्या लेकराला?

"हसली बाबा," मी म्हणाले. "लई हसली." आणि फोन बंद केला.

खोलीत आले. शिवकांतानं नुसतं बघितलं.

"सांगितलं," मी म्हणाले. "काढून ठेवतो म्हणला."

वाटलं, एवढ्यानं तरी दोन घास खाईल. नाही खाल्ले. गोळीपुरता घोटभर पाणी घेतलं, तेही मी पाया पडले म्हणून.

परतीच्या दिवशी सकाळी मी तिला उठवायला गेले. ती बसलेली होती, मांडी घालून, मान ताठ. डावा हात माझ्यापुढं केला.

तळहाताच्या रेघांत माती होती. ओली, काळी, आपल्याकडच्या रानातली. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. एकोणिसाव्या मजल्यावर, खिडकी उघडत नाही अशा खोलीत. मी तिला मोरीत नेऊन हात धुतला. पांढऱ्या भांड्यात काळं पाणी फिरत फिरत गेलं. बेलाच्या पानाचा वास आला, कुजत आलेल्या.

विमानात परत तेच. तिथं चहा देणाऱ्या पोरीनं दिलेल्या ओल्या कागदानं मी पुसलं. कागद काळा झाला, तो मी पिशवीत खोल दडवला, कोणाला दाखवू?

"तू फोनवर बोलली न्हाईस, केवळा," शिवकांता म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी पिशवी पायानं सीटखाली सरकवली.

"मला तिथं बसावं लागतंय. अंधाराचं काय न्हाई. पर पाठ टेकाया न्हाई. मान पडती आन परत धरावी लागती." मग म्हणाली, "खांदे भरून आलेत."

तिचा खांदा चोळायला मी हात लावला. गाभाऱ्यातल्या भिंतीसारखा गार होता. डॉक्टरची गोळी मी पाण्याशिवाय तिच्या जिभेवर ठेवली, ती तिथंच राहिली. ओठ फुटलेले. मल्लेश मागच्या रांगेतून सारखा उठून येत होता. "आई, उतरल्यावर सरळ दवाखान्यात." ती डोळे न उघडता म्हणाली, "सरळ उमाकडं. न्हाईतर माझ्यासाठी बी खड्डा काढा."

हैदराबादहून गाडी थेट देवणी रस्त्याला, उमाबाईच्या रानात. लिंबाच्या झाडाखाली नवी समाधी, मातीचा ढीग अजून ओला, वर बेल आणि विभूती. गुरुबसप्पा होता, मठातले रेवणसिद्ध स्वामी होते. शिवकांताला मल्लेश आणि भागवतनं धरून उतरवलं. आता सांगायचं माझ्यावर आलं. मी सांगितलं. भोंगा, बशी, फोन, माझं खोटं, सगळं.

मला वाटलं गुरुबसप्पा मला हाकलून देईल. तो ढिगाकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "मावशी, आईची मूठ मिटत न्हवती. इष्टलिंग ठेवलं की हात उघडायचा. तीनदा ठेवलं. शेवटी चौघांनी दाबून धरली."

मल्लेश म्हणाला, "मग उघडा समाधी, द्या माझ्या आईचं!"

"समाधी उघडत नसतात," स्वामी म्हणाले. "शिवकांताबाईला मी नवं इष्टलिंग देतो. गेलेलं मनातून सोडायचं."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. दोन-अडीच दिवसांची उपाशी बाई, काळीज दुखणेकरी. तिनं नाही म्हणलं असतं तर संध्याकाळ बघितली नसती, हे मल्लेशलाही कळत होतं आणि मलाही.

"सोडते," ती म्हणाली. "माझं मी मागत न्हाई. पर तिचं तिला आधी. तवर मी नवं घेणार न्हाई."

स्वामींनी मान डोलावली. गुरुबसप्पानं पहार आणली. ढिगाच्या वरून सरळ खाली एक भोक पाडलं. "किती खोल?" त्यानं विचारलं. "एक हात," शिवकांता म्हणाली. दुकानात बोलायची तसंच.

ती गुडघ्यावर बसली. डबी उघडली, उमाबाईचं इष्टलिंग डाव्या हातात घेतलं, मूठ मिटून भोकात घातली. कोपरापर्यंत हात गेला. मग आणखी गेला. पार खांदा टेकला, गाल मातीला लागला. उन्हाची वेळ, लख्ख उजेड, झाडावर एक पाखरूही बोलत नव्हतं.

"घे," ती मातीत म्हणाली. "घे उमा. सोड आता माझा हात. घरी लेकरं वाट बघत्यात."

बराच वेळ झाला. मल्लेश पुढं व्हायला लागला, स्वामींनी त्याला अडवलं. मग तिनं हात हळूहळू बाहेर काढला. रिकामा.

"घेतलं तिनं," ती म्हणाली.

माझा विश्वास लवकर बसत नाही, ही माझी खोड. मीही गुडघ्यावर बसले आणि हात घातला. माझा हात तिच्यापेक्षा लांब. पण कोपर आत गेलं न गेलं तोच तळ लागला. दाबलेली, घट्ट माती. बोटांनी सगळीकडं चाचपलं. नुसती गार माती, एक खडासुद्धा नाही.

"लागलं का हाताला?" स्वामींनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. या वेळी खरं.

गुरुबसप्पानं भोक बुजवलं. स्वामींनी तिथंच, झाडाखाली, शिवकांताचे हात धुवायला लावले, कानात मंत्र सांगितला आणि नवं इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवलं. ती त्याच्याकडं बघत बसली. मी तिच्याकडं बघत बसले. आधी ती नुसती बघत होती, अनोळखी पाहुण्याकडं बघावं तशी. मग मान थोडी कलती झाली, खांदे सैल पडले. तिनं डबी बंद केली, गळ्यात बांधली.

"पाणी दे," ती मला म्हणाली. एवढ्या जणांत मलाच.

विहिरीवरून तांब्या भरून आणला. तिनं तो दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. गळ्यातून पाणी जाताना आवाज येत होता. रिकामा झाल्यावर तिनं ओठ पुसले.

"एवढी तहान माझ्या एकटीची न्हवती, केवळा," ती म्हणाली.

मी दुसरा तांब्या भरून आणला. तोही ती प्याली.