वन्समोअर

आमच्या नाट्यगृहात परवा एका म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा सत्कार झाला. “केलेलंच पुन्हा काय करायचं?” म्हणत संगीत नाटकातला वन्समोअर बंद करणारा हा माणूस. शाल पांघरूनही त्याला खुर्चीत स्वस्थ बसवत नव्हतं. त्याच्या जुन्या नायिकेने निरोपाचं पद म्हटलं आणि आम्ही सगळे ओरडलो, “वन्समोअर!”

तो ताडकन उठला. वाटलं, आता चिडणार. त्याने तिला खांद्याला धरून आमच्याकडे पाठमोरं उभं केलं.

“म्हण. पण आता निरोप देऊ नकोस, भांड.”

तेच शब्द, तीच चाल, आणि अंगावर सर्रकन काटा आला.

घरी येऊन नेहमीच्या खुर्चीत बसलो. तीस वर्षं तेच ते, तसंच करत मी स्वतःलाच वन्समोअर देत आलोय. उठलो, खुर्ची खिडकीकडे फिरवली. तरी बसवेना.