विओलाची फोफो

फोस्का जेवत असेल का, हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. रात्रभर गावासाठी पाव भाजणारी बाई स्वतः उपाशीच झोपत असेल असं वाटत राहतं. उन्हाळा संपताना माझी मुलगी मिकेला तिच्यापासून वेगळी झाली. तेव्हापासून फोस्का माझी कोणी लागत नाही.

इटलीतल्या आमच्या फेरारात, किल्ल्यामागच्या गल्लीतल्या बेकरीत ती काम करते. रुंद खांदे, भाजल्याच्या डागांनी भरलेले हात, तिरकस बोलणं. तिच्या आईवडिलांनी बोलणं टाकलं तेव्हापासून मला आई म्हणते. माझी नात विओला मिकेलाच्या पोटची. पण मिकेला दिवसभर ऑफिसात, आणि फोस्काचं काम सकाळी संपायचं. त्यामुळे विओलाला न्हाऊमाखू घालणं, शाळेतून सायकलवर आणणं, सगळं फोस्काकडे. फोफो ही हाक विओलाचीच. आमच्याकडच्या पावाला चार शिंगं असतात. विओला कुरकुरीत शिंगं तेवढी खाते, मधला जाड भाग फोफोचा.

नवा कायदा झाला त्या आठवड्यातलं जेवण मला आठवतं. बायकांना बायकांशी लग्न करायची मुभा सरकारनं दिली नाही, 'नागरी सहजीवन' नावाची गोष्ट दिली. मिकेला खूश होती.

"मिळतंय ते पदरात पाडून घे, फोस्का. लग्न म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा."

"अर्धकच्चा पाव मी गिऱ्हाइकाला देत नाही," फोस्का म्हणाली. "लग्न असतं तर विओला दोघींची झाली असती. यात ती एकट्या तुझीच राहते."

"मग काय, मी तिला पळवून नेणार आहे?"

सगळे हसले. फोस्काही हसली.

माझे दीर ओरेस्ते वाइन ओतत म्हणाले, "पोरींनो, सगळं घ्या. लग्न हा शब्द तेवढा आम्हाला ठेवा. म्हाताऱ्यांकडे दुसरं राहिलंय काय?"

"काका, तुम्ही तर तो दोनदा वापरून टाकून दिलात," फोस्का म्हणाली.

दोन घटस्फोट झालेल्या ओरेस्तेंनी दोघींच्या सहजीवनाच्या समारंभाच्या आदल्या दिवशी त्याचं उट्टं काढलं. लग्नात आम्ही साखरेत घोळवलेले बदाम वाटतो, प्रत्येक पुडीत पाच, कारण पाच बदामांची दोघांत सारखी वाटणी होत नाही. ओरेस्ते म्हणाले, "तुमच्या पुडीत चार घाला. पुढे सोयीचं पडेल." फोस्का मांडी घालून बसली आणि एकेका पुडीत पाच पाच बदाम घालत राहिली.

विओलाला दत्तक घ्यायचा एक लांबचा रस्ता होता, कोर्टातून आणि मिकेलाच्या संमतीनं. एक सरकारी बाई येऊन दोघींचं घर बघून गेली. जिनं मुलीला चालायला शिकवलं ती आई व्हायला लायक आहे का, ते बघायला. निकाल लागायच्या आत मिकेलाचं मन दुसरीकडे गेलं आणि तिनं संमती मागे घेतली. लग्न मोडायचं तर आमच्याकडे आधी काही काळ वेगळं राहावं लागतं, कधी कधी माणसं परत फिरतात. सहजीवन मोडायला तेवढीही सवड ठेवलेली नाही. आता येत्या सोमवारी मिकेला विओलाला घेऊन कायमची त्रिएस्तेला चालली आहे.

मी तिला म्हटलं, "अगं, जाण्याआधी फोस्काला एकदा पोरीला भेटू तरी दे."

"आई, तू माझी आई आहेस की तिची?"

"दोघींची."

"कायद्यानं एकीचीच." मग ती हळूच म्हणाली, "रविवारी निरोपाच्या जेवणाला तिला बोलावलंस तर आम्ही येणार नाही. सांगून ठेवते."

मिकेला दुष्ट नाही. विओला फोफोच्या गळ्यात पडून सोडेनाशी झाली तर काय, याची तिला भीती वाटते. वकिलांना विचारलं, तर म्हणाले, आजीला नातीला भेटायचा हक्क आहे, फोस्काला नाही. पण तो हक्क बजावायचा म्हणजे मी पोटच्या मुलीला कोर्टात खेचायचं. आणि त्यानंतरही फोस्काच्या हाती काही लागेल की नाही, ते त्यांना सांगता येईना.

आज दुपारी विओला माझ्याकडे होती. तिनं पावांची शिंगं खाल्ली आणि मधले तुकडे ताटलीच्या कडेला नीट रचून ठेवले. "हे फोफोचे," म्हणाली. मी ते फडक्यात बांधून ठेवलेत. फेकवत नाहीत, खाववत नाहीत.

आता बेकरीत पीठ मळायला घेतलं असेल. या वेळी तिथला फोन फोस्काच उचलते. रविवारी पाव तूच घेऊन ये, एवढंच तिला सांगणार आहे. मिकेला आलीच नाही, किंवा फोस्काला बघून दारातूनच परत फिरली, तर मला काही करता येणार नाही. उजाडलं की माझा धीर जाईल, म्हणून फोन आत्ताच करते.