आत्याचा गाल आणि माझी बोटं

आमच्या आत्याला दुखत नाही. म्हणजे तिचं तसं म्हणणं आहे. कपडे अल्टर करून देण्याचं तिचं एवढंसं दुकान आहे. तिथे एकदा मशीनची सुई बोटात घुसली तर म्हणाली, "चिंधी दे गं, गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग लागेल." चिंधी द्यायच्या आधी चक्कर मला आली, पाणी मलाच पाजलं. घरात मला सायरन म्हणतात, उगाच नाही.

दिवसभर दातांत टाचण्या धरून, जबडा आवळून काम करायची हिची सवय. आता काही महिने झाले, तोंड उघडलं की कानाजवळ कट् आवाज येतो, आणि डाव्या बाजूने तर तिने चावणंच सोडलंय. दातांच्या डॉक्टरांनी डावीकडची दाढ काढायची ठरवली, तीही उद्याच. दाढ दिसायला ठणठणीत! म्हणून मी भांडून तिला जबड्याच्या दवाखान्यात ओढत नेलं. एवढं एक शहाणपणाचं काम केलं आणि लगेच त्यावर पाणी फिरवलं.

तिथल्या डॉक्टरबाईंकडे जाड पेनासारखं यंत्र होतं, टोकाला रबर. "ताई, हे गालावर टेकवून हळूहळू दाब वाढवत नेईन. नुसता दाब वाटतोय तोवर गप्प बसा. दुखायला लागलं रे लागलं की हातातलं बटण दाबा. दुखणं चावायच्या स्नायूचं आहे का, ते त्यावरून कळेल."

किती सरळ सांगितलं! आणि मी काय बोलावं? "आत्या, लवकर दाबायचं नाही हं! रेकॉर्ड करायचा!" वर धीर द्यायला तिचा मोकळा हात हातात घेतला.

यंत्र डाव्या गालाला टेकलं. आकडा चढत गेला. आत्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत शांत. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवतेय! शेवटी डॉक्टरबाईच थांबल्या. "कमाल आहे. स्नायूत काहीच नाही म्हणायचं. मग दाढच असेल बहुतेक. एकदा परत बघते."

परत दाब. परत आत्या गप्प. आणि मी किंचाळले, "आई गं! मेले!"

यंत्र थांबलं. "तुला काय झालं?"

"ही माझी बोटं मोडतेय हो!"

डॉक्टरबाईंनी माझी लालभडक बोटं बघितली. मग आत्याचा चेहरा, इस्त्री केल्यासारखा. "ताई, दुखत होतं?"

"थोडंसं."

"कधीपासून?"

"तुम्ही टेकवलंत तेव्हापासून."

"अहो, मग बटण का नाही दाबलंत?"

आत्याने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "आमची प्रशिक्षक नको म्हणाली."

मला खुर्चीखाली लपावंसं वाटलं, पण खुर्चीला चाकं होती.

"ताई, इथे पास-नापास नाही. तुम्ही सोसलंत तर मला चुकीचं कळणार आणि उद्या चांगली दाढ जाणार. आणि तू, तिकडे कोपऱ्यात बस. तोंड बंद."

पुन्हा सुरुवात. आधी दाबाचा अंदाज यावा म्हणून हात, मग उजवा गाल. मग डावा. यंत्र जेमतेम टेकलं आणि आत्याने बटण दाबलं. जरा खाली सरकवलं, पुन्हा दाबलं. दाढेवर टकटक केलं, तर मान हलवून नाही म्हणाली. डॉक्टरबाई परत गालावर आल्या तर बटणबिटण राहिलं बाजूला, आत्या मोठ्याने म्हणाली, "दुखतंय!"

हा शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. मी भोकाड पसरलं.

"अगं, दुखतंय मला! तू काय रडतेस?"

डॉक्टरबाई हसल्या. "दाढेला हात लावायचा नाही. स्नायूचंच दुखणं आहे. जबड्याचे व्यायाम देते, गरम शेक घ्या, आणि टाचणी तोंडात एकसुद्धा नाही."

बाहेर येऊन आत्याने दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. मी शेजारी नाक पुसत उभी. "उद्या नाही येत मी," ती म्हणाली. "हो, दुखतंय ना. भयंकर दुखतंय. इतकं दुखतंय म्हणून सांगू! पण दाढ नाही देणार."